दालच्याचा डबा

उल्काबाईंच्या घरातून गेलेला डबा कधी रिकामा परत येत नसे, आणि परत आलेल्या डब्यातलं त्यांच्या घरात कधी कोणी खात नसे. कोथरूडच्या त्या सोसायटीत, एकाच जिन्यावर, या दोन्ही गोष्टी दोन वर्षं गुण्यागोविंदाने नांदल्या.

डबा जायचा समोरच्या दारात, नसीमबानूंकडे. त्या, त्यांचे मिस्टर कासिम आणि मुलगी अफशीन ही मूळची नाना पेठेतली मंडळी. कासिम हिंजवडीच्या एका कंपनीत अकाउंट्स बघायचे; कंपनीची बस कोथरूडहून मिळते आणि अफशीनची शाळाही इथलीच, म्हणून ती इकडे भाड्याने राहायला आली. घर सहजासहजी मिळालं नव्हतं. नाव ऐकलं की पुष्कळ ठिकाणचे फ्लॅट नेमके आदल्याच दिवशी गेलेले असायचे. इथे जमलं ते उल्काबाईंच्या शब्दावर. उल्काबाई शिक्षिका, आणि अफशीन त्यांच्याच शाळेतली. "सुशिक्षित लोक आहेत, गॅरंटी माझी," असं त्या कमिटीपुढे म्हणाल्या होत्या, आणि आपण तसं म्हणालो होतो याची नसीमबानूंना अधूनमधून आठवणही करून देत. फार नाही, सणासुदीलाच.

फ्लॅटचा मालक नाशिकला. त्याने करारात एक कलम घालून घेतलं होतं: घरात मांसाहार शिजवायचा नाही. कासिमनी सही केली आणि पुढे ते कलम नसीमबानूंनी सांभाळलं, अंडंसुद्धा घरात न आणता. मटण खावंसं वाटलं तर रविवारी रिक्षा करून नाना पेठेत सासूबाईंकडे जायचं, तिथे पोटभर खायचं, आणि कोथरूडला येताना बडीशेप चघळत यायचं.

तर डबा. उल्काबाईंकडून संक्रांतीची गूळपोळी जायची, चतुर्थीचे मोदक जायचे. दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नाही हे नसीमबानूंच्या सासूने त्यांना शिकवलेलं, म्हणून त्याच डब्यातून कधी भरलं वांगं यायचं, कधी मसूरची डाळ, ईदला शिरखुर्मा. उल्काबाई तो दोन्ही हातांनी घ्यायच्या, "अगंबाई, कशाला एवढं" म्हणायच्या, दार लावायच्या आणि डबा न उघडता ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्यायच्या. सकाळी धुण्याभांड्याला हिरा यायची, ती तो घेऊन जायची. यात उल्काबाईंना गैर काही वाटत नव्हतं. कुठली भांडी, कुठला हात, मनाला नको वाटतं त्याला कोण काय करणार? भेदभाव म्हणजे माणसाला दारात उभं न करणं. त्या तर नसीमबानूंना सोफ्यावर बसवून चहा पाजत.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली की नसीमबानू विचारायच्या, "ताई, कसं झालं होतं?"

उल्काबाईंचं उत्तर ठरलेलं असे. "छान झालं होतं. थोडं तिखट."

असं चाललेलं असताना शाळेत पोर्तुगाल आलं.

झालं असं की जगभरातले वर्ग इंटरनेटवरून एकमेकांना जोडून द्यायचा एक उपक्रम होता. विषय, अन्न आणि संस्कृती. प्रत्येक मुलाने घरात रोज होणारा एखादा पदार्थ करताना फिल्म घ्यायची, खाली इंग्रजीत साहित्य लिहायचं, आणि समोरच्या देशातल्या वर्गाने तो पदार्थ करून बघायचा. उल्काबाईंच्या आठवीच्या वर्गाच्या वाट्याला पोर्तुगालमधली एक गावची शाळा आली होती. मुख्याध्यापकांनी सूचक हसून सांगितलं होतं की हे नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी शाळेत आंतरराष्ट्रीय उपक्रमांची प्रमुख अशी एक जागा निघेल. उल्काबाईंनी घरी येऊन त्या जागेचं इंग्रजी नाव आरशासमोर म्हणून बघितलं. चांगलं वाटलं.

अडचण एकच आली. निम्म्या वर्गाने पुरणपोळी केली. उरलेल्या निम्म्यात उकडीचे मोदक, आणि एकाने मॅगी. पोर्तुगालच्या बाईंनी अगदी सौजन्याने लिहिलं, पदार्थ फार सुंदर आहेत, पण तुमच्याकडे सगळ्या घरांत हेच खातात का?

हा प्रश्न उल्काबाईंना लागला. मग त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं. आमच्याकडे किती विविधता आहे, मी स्वतः दोन वर्षं माझ्या मुस्लिम शेजारणीच्या घरचं कसं आवडीने खाते, एक डबा दोन घरांमधून कसा फिरतो. लिहून झाल्यावर त्यांनी ते स्वतःच दोनदा वाचलं. हे उत्तर उपक्रमाच्या संकेतस्थळावर झळकलं, जगभरच्या शिक्षकांनी त्याखाली बदाम टाकले. आता विविधता लिहिली म्हटल्यावर ती दाखवायला नको? त्यांनी समोरची बेल वाजवली.

"भाभी, अफशीनच्या फिल्मसाठी तुमचं खास असं काहीतरी करा. अगदी तुमच्यातलं."

"खास म्हणजे कसं ताई? रोज तर पोळी-भाजीच करते मी."

"पोळी-भाजी सगळेच दाखवतात हो. तुमची संस्कृती दिसली पाहिजे."

नसीमबानूंनी थोडा विचार केला. "दालचा करते मग. सासूबाई करतात तो. पण इथे आपला बिनमटणाचा. नुसता दुधी घालून."

हे त्या बोलल्या तेव्हा उल्काबाई फोनवर मुख्याध्यापकांचा मेसेज वाचत होत्या. "हो हो, काहीही चालेल," त्या म्हणाल्या.

अफशीनने फिल्म सुरेख केली. मुलगी बोलायला कमी, पण तिने आईचे हात टिपले होते. चणाडाळ घोटणारे, दुधीचे मोठे तुकडे करणारे, चिंचेचा कोळ पिळणारे, शेवटी कढीपत्त्याची फोडणी वरून ओतून झटकन झाकण ठेवणारे. खाली साहित्य लिहिलं होतं: चणाडाळ, दुधी, चिंच, कांदा, मसाला. त्याच संध्याकाळी नसीमबानूंनी त्यातला दालचा डबा भरून समोर दिला. उल्काबाईंनी दोन्ही हातांनी घेतला आणि कोपऱ्यात ठेवला.

मग फिल्म तपासायला बसल्या. हा दालचा म्हणजे नेमकं काय, म्हणून त्यांनी इंटरनेटवर शोधलं. जिथे बघावं तिथे मटण. त्यांनी अफशीनची यादी पुन्हा वाचली आणि त्यांना मुलीची दया आली. लाजली बिचारी. आपल्या जेवणाचं नाव घ्यायला मुलं लाजतात ती आपल्यासारख्यांमुळेच, असा उदात्त विचार त्यांच्या मनात आला. आणि त्यांनी चणाडाळीच्या पुढे, स्वतःच्या हाताने, 'मटण' असं टंकलं. फिल्ममध्ये मटण दिसत नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. रश्श्यात बुडालं असेल असं त्यांनी धरलं. उठून ओट्याच्या कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण उघडलं असतं तरी कळलं असतं. पण तो डबा हिराचा होता.

फिल्म शाळेच्या पानावर गेली. उल्काबाईंनीच ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. 'आपल्या सोसायटीची लेक जगाच्या व्यासपीठावर.' पुढे टाळ्या.

बँकेतून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई कुठलीही गोष्ट तळटिपेपर्यंत वाचतात. त्यांनी फिल्म थांबवून खालचं इंग्रजी वाचलं आणि ग्रुपवर एवढंच लिहिलं: 'कौतुक आहे. मटण कुठल्या किचनमध्ये शिजलं, तेवढं कळेल का?'

त्यानंतर टाळ्या थांबल्या. कोणीतरी करारातल्या कलमाची आठवण काढली, कोणीतरी नाशिकला फोन लावला. मालक म्हणाला, मला कटकट नको, कमिटी म्हणेल तसं करतो. कमिटीने रविवारी सकाळी बैठक ठेवली. म्हणजे त्या कुटुंबाचं घर राहायचं की जायचं, ते आता त्या रविवारी ठरणार होतं.

शनिवारी सकाळी हिरा भांडी घासत असताना उल्काबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हिरा, मागे तो समोरचा डबा नेलास ना, त्यात मटण होतं का गं?"

हिरा हसली. "कुठलं मटण बाई. दुधी हाय नुसता. दोन वर्षांत एक हाड निघालं न्हाई त्या डब्यातनं. पोरं माझी दर वेळेला आशेनं उघडत्यात."

उल्काबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. आपण काय केलं हे त्यांना स्वच्छ कळलं. आणि काय करायचं हेही कळलं: उद्या उभं राहायचं, सांगायचं की तो शब्द माझा, मुलीचा नाही. त्यांचे मिस्टर माधवराव पेपरामागून म्हणाले, "सांग की. शाळेत कळेल तेवढं. मुलीच्या प्रोजेक्टमध्ये बाईंनी खोटं घातलं म्हणून." ते नेहमीच असं बोलत, त्यांच्या बोलण्यात सल्ला किती आणि टोमणा किती हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही उल्काबाईंना वेगळं काढता येत नसे. तरी त्यांनी वाक्य तयार केलं. रात्री पाठही केलं.

बैठक पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. अध्यक्ष इंद्रजीत, बांधकामाचे ठेकेदार. दर शनिवारी वाघोलीच्या पुढे एका ढाब्यावर मटण थाळी खाणारे. पण ते ढाब्यावर, बिल्डिंग ती बिल्डिंग. मंदाकिनीबाई पहिल्या रांगेत. कासिम इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मुलाखतीला यावं तसे. नसीमबानू त्यांच्या शेजारी. अफशीनला वर ठेवलं होतं.

"कासिमभाई, वैयक्तिक काही नाही," इंद्रजीत म्हणाले. पुण्यात हे वाक्य आलं की पुढचं वैयक्तिक असतं. "पण कलम आहे आणि फिल्म आहे. तुम्हीच सांगा."

"सर, घरात मटण शिजलेलं नाही. फिल्ममध्ये बघा, दुधी आहे."

"खाली लिहिलंय की."

"पोरीने लिहिलेलं नाही ते," नसीमबानू म्हणाल्या. "तिने पाच वस्तू लिहिल्या होत्या. मी स्वतः बघितलं."

"मग कोणी लिहिलं? पोर्तुगालने?"

खुर्च्यांमधून हसू फिरलं. हीच ती जागा होती. उल्काबाईंचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण हसू ओसरेपर्यंत थांबावं असं त्यांना वाटलं, हसण्यात बोललं तर आपल्यालाही हसतील. आणि तेवढ्यात नसीमबानूच बोलल्या.

"ताईंना विचारा ना. हाच दालचा मी त्यांना डबाभर दिला होता. दोन वर्षं खातात त्या आमच्या घरचं. त्या सांगतील मटण होतं का."

सगळ्या माना वळल्या. मंदाकिनीबाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे उल्का, तू खातेस यांच्याकडचं? दोन वर्षं?"

त्यांनी विचारलं साधंच. पण उल्काबाईंना त्या प्रश्नामागे रांग दिसली. मंदाकिनीबाईंनी सवाष्ण म्हणून घातलेलं जेवण, गौरींना घरात वावरणाऱ्या बायका, त्या सगळ्यांनी आपल्या हातचा घेतलेला प्रसाद. हो म्हटलं तर नसीमबानूंचं घर राहत होतं. फक्त एक हो. एरवी जिन्यात फुकट देत होत्या तेच.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही खाल्लं कधी. हिरा नेते ते."

दोन वर्षांत या बाबतीत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य.

"बघा," इंद्रजीत हळूच म्हणाले. "समोर राहणाऱ्या मॅडमसुद्धा खात नाहीत. काहीतरी शंका असेल म्हणूनच ना?"

"तसं नाही, आवड असते आपली," उल्काबाई म्हणाल्या. पण ते कोणी ऐकलं नाही, आणि त्यांनी मोठ्यानेही म्हटलं नाही. कासिम बायकोकडे बघत होते. नसीमबानू उल्काबाईंकडे बघत होत्या. रागाने नव्हे. भाजीवाल्याने रोजची भाजी अचानक नाही म्हटल्यावर बघावं, तशा. रात्री पाठ केलेलं वाक्य उल्काबाईंच्या तोंडात तसंच राहिलं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असं त्या पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिल्या. कोणी विचारलं नाही.

महिनाअखेर घर खाली करायचं ठरलं. इंद्रजीतनी वर मोठेपणाने सांगितलं की टेम्पो आत आणायला हरकत नाही.

सामान उतरत होतं त्या दिवशी उल्काबाई दार लोटून आतच बसल्या होत्या. बेल वाजली. दारात नसीमबानू, हातात स्टीलचा डबा.

"तुमचा एक डबा ताई. आमच्याकडे राहून गेला होता."

उल्काबाईंनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. डबा जड लागला. झाकण उघडून बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. आत साखरेची पिशवी होती. दुकानातली, न फोडलेली.

"रिकामा कसा देणार," नसीमबानू म्हणाल्या. "पॅक आहे. हात लागलेला नाही माझा."

"भाभी, असं नका ना बोलू. मला खरंच कळलं नाही त्या दिवशी. तुम्हाला वाटत असेल मी दोन वर्षं फसवलं तुम्हाला."

"नाही ताई. ठाऊक होतं मला."

"काय ठाऊक होतं?"

"पहिल्या ईदला तुम्ही म्हणालात, शिरखुर्मा छान झाला होता, थोडा तिखट." नसीमबानूंनी ओढणी सावरली. "दूध, खजूर, साखर. मी घरी येऊन सांगितलं तर सगळे किती हसले. अजून हसतात. अफशीनच्या बापाचा चहा बिघडला तरी ती म्हणते, छान झालाय, थोडा तिखट."

उल्काबाईंना डबा कुठे ठेवावा कळेना. "मग… माहीत होतं तर मला का विचारलंत सगळ्यांसमोर?"

"दोन वर्षं म्हणत होतात ना ताई. अजून एकदा म्हणाला असतात."

खालून टेम्पोवाल्याने हाक मारली. नसीमबानू उतरून गेल्या. जिन्यात त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हातात कुकर होता, पायऱ्या बघून उतरावं लागत होतं.

कोंढव्यात त्यांना घर मिळालं. हिंजवडी तिथून दुसऱ्या टोकाला, पण कासिमनी नोकरी सोडली नाही आणि वर्ष संपेपर्यंत अफशीनची शाळाही. ती दोन बस बदलून यायची आणि बऱ्याचदा प्रार्थना संपल्यावर पोचायची. उशीर झालेल्यांच्या ओळीत तिला उभं करायचं काम त्या आठवड्यांत उल्काबाईंकडेच असायचं. त्या तिला लवकर सोडत. साखरेची पिशवी त्यांनी हिराला देऊ केली, तर हिरा म्हणाली, "ही तर पॅक हाय बाई. ही तरी खा."

उपक्रमाचा शेवट ऑनलाइन भेटीने झाला. मोठ्या पडद्यावर पोर्तुगालचा वर्ग, इकडे आठवी, मागे मुख्याध्यापक आणि फोटोग्राफर. पुरणपोळी तिकडे कोणाला जमली नव्हती. पण त्यांनी एक पदार्थ केला होता, आणि तो त्यांना फार आवडला होता. एका गोऱ्या मुलाने मोठं पातेलं कॅमेऱ्यासमोर तिरपं केलं. पिवळ्या रश्श्यात मटणाचे मोठमोठे तुकडे होते. दुधी तिकडे मिळाला नाही, तिकडच्या बाईंनी सांगितलं, म्हणून साहित्यातलं बाकी सगळं थोडं वाढवलं.

मग त्यांनी विचारलं, ही जिची फिल्म होती ती मुलगी आहे का? तिच्या आईचा दालचा असाच दिसतो का?

उल्काबाईंनी वर्गाकडे पाहिलं. सांगायचं असतं तर खरं काय ते आता सांगता आलं असतं, अफशीनलाही आणि उल्काबाईंनाही. अफशीन तिसऱ्या बाकावरून उठली. दप्तर तिने अजून खांद्यावरून काढलं नव्हतं. तिने पडद्यावरच्या पातेल्याकडे नीट पाहिलं, मटणाचे तुकडे पाहिले. मुख्याध्यापक मान हलवून तिला धीर देत होते.

"व्हेरी नाइस," अफशीन म्हणाली. मग, उल्काबाईंकडे अजिबात न बघता, "लिटल स्पायसी."

तिकडच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. इकडच्यांनीही वाजवल्या. फोटोग्राफरने उल्काबाईंना थोडं पुढे यायला सांगितलं.